इथं तर काही वाजत नाही!

दिवाळीच्या अंकात लोक कथा शोधतात, व्यंगचित्रे शोधतात, वर्षाचे राशिभविष्य शोधतात. मोटारसायकलच्या मागल्या चाकाविषयी काही वाचावे अशा इच्छेने कोणी अंक उघडत नाही, हे मला ठाऊक आहे. संपादकांनी माझ्याकडे कथाच मागितली होती, आणि मी ती देणारही होतो. परंतु गेली काही वर्षे माझ्या पोटात एक भांडण साचलेले आहे. आणि पोटात भांडण असताना कथा लिहावयास बसले की पात्रे विनाकारण एकमेकांच्या अंगावर ओरडू लागतात. तेव्हा कथा पुढल्या वर्षी. यंदा भांडण.

भांडण माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. ते वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. मिक्सर दुरुस्तीला नेला, पंपाची मोटर नेली, मोटारसायकल नेली, की दुकानातला मनुष्य एकदा बटण दाबतो, एकदा कान दिल्यासारखे करतो आणि म्हणतो, "इथं तर काही वाजत नाही!" म्हणजे काय? म्हणजे तुमच्या यंत्रात दोष नाही; दोष असलाच तर तो तुमच्या कानात आहे. ह्या वाक्याइतके उद्धट, आळशी आणि वर साळसूद दिसणारे वाक्य आपल्या व्यवहारात दुसरे नसेल.

माझी हकिकत सांगतो, म्हणजे राग कोठून आला ते कळेल.

मी सायखेड्याचा. निफाड तालुक्यातले हे गोदाकाठचे गाव. पुस्तकात तिला गोदावरी म्हणतात; आम्ही गंगाच म्हणतो. पूल ओलांडला की चांदोरी, आणि चांदोरीला नाशिकहून निफाडकडे जाणारा मोठा रस्ता लागतो. त्या रस्त्याने मी रोज शाळेत जातो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि त्यावर चित्रकलेची पदविका; मुलांना चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. यंत्रशास्त्राचा व माझा संबंध एवढाच, की दरसाल पाचवीच्या मुलांना मी सायकल न बघता काढावयास सांगतो. निम्मी मुले चैन पुढल्या चाकाला जोडतात. रोज सायकलवरून येणारी मुले! पाहणे आणि दिसणे ह्यात जे अंतर आहे, तेच ऐकणे आणि ऐकू येणे ह्यातही आहे.

2019 च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गंगेला पूर आला. वरून नाशिकचे पाणी आले आणि सायखेडा-चांदोरी दोन्ही गावांत शिरले. ओट्यावर चढवावयास वेळ मिळाला नाही म्हणून माझी शंभर सी.सी.ची मोटारसायकल रात्रभर गाळाच्या पाण्यात उभी राहिली. पाणी ओसरल्यावर तेल बदलले, प्लग साफ केला, हवेची जाळी बदलली. गाडी सुरू झाली. घरात गाळ, अंगणात गाळ, पुस्तकांच्या कपाटात गाळ. गाडी चालते आहे ना, मग तिच्याकडे आणखी कोण पाहतो?

थंडी पडू लागली आणि आवाज सुरू झाला.

हा आवाज कसा होता ते नीट सांगतो, कारण माझे सगळे म्हणणे ह्या 'नीट सांगण्या'वरच उभे आहे. तो खडखडाट नव्हता. वाटाणे दळताना जात्यात खडा यावा तसा 'खर्र' असा एक घसटा, त्यामागे दोन-तीन वेळा 'टक्', मग काही नाही. मैल-दोन मैल काही नाही. पुन्हा 'खर्र'. सकाळी शाळेत जाताना गाडी देवळातल्या समईसारखी शांत. संध्याकाळी परत येताना वाजत असे, पण तेही रोज नाही.

संध्याकाळी माझ्यामागे माझी मुलगी बसलेली असे. ती तेव्हा निफाडला अकरावीत होती. सकाळी तिचे कॉलेज लवकर असल्याने ती एस.टी.ने जात असे, येताना मी तिला घेऊन येत असे. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशीच ती म्हणाली, "बाबा, आवाज माझ्या खालून येतोय." मी म्हणालो, "नीट बस, हलू नकोस." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, त्याचा हिशेब मला पुढे द्यावयाचा आहे.

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी डबल स्टँडवर लावली, किक मारली, मूठ दोनदा पिळली आणि ते वाक्य उच्चारले: "सर, इथं तर काही वाजत नाही." मी म्हणालो, "अहो, रस्त्यावर वाजते." तो एकटा चौकापर्यंत फेरी मारून आला. "सर, गाडी मक्खन आहे. पण तुमचं समाधान व्हावं म्हणून टॅपेट सेट करून देतो." समाधान व्हावे म्हणून! टॅपेटचा आणि त्या खर्रचा मामेभावाइतकाही संबंध नव्हता, हे आज मला कळते. त्याला ते तेव्हाच कळावयास हवे होते.

दुसरा जरा मोठा, काचेच्या केबिनचा. तेथे गाडी आत घेतात आणि आपण बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसावयाचे. तेथेही गाडी वाजली नाही. परंतु काचेच्या केबिनला भाडे असते. 'वाजत नाही' म्हणून सोडून देणे तिला परवडत नाही. मला सांगण्यात आले की टायमिंग चैन गेलेली 'असू शकेल'. बदलली. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. आता मागची चैन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे ज्याला चैन सेट म्हणतात तो, बदलला. जुनी चैन मी मागितली तर ती भंगारात गेली होती. नवी चैन सतारीच्या तारेसारखी ताणून बसवली होती आणि तो मुलगा अभिमानाने म्हणाला, "सर, आता सहा महिने बघायचं काम नाही." नंतर गाडी दाबाच्या फवाऱ्याने धुऊन चकचकीत करून दिली. हा फवारा थेट चाकाच्या मधोमध, हबवर मारलेला मी डोळ्यांनी पाहिला.

सगळे मिळून चार हजारांवर रुपये गेले. पूर येऊन गेलेल्या घरातले चार हजार. आणि गाडी वाजतच होती. आता तर दर संध्याकाळी वाजू लागली होती.

तिसऱ्या ठिकाणी मला नुसते वाक्य मिळाले नाही, उपदेशही मिळाला: "सर, आवाज येईल तेव्हा गाडी घेऊन या."

येथे माझे डोके फिरले. आवाज येईल तेव्हा घेऊन या! म्हणजे चोर घरात असेल तेव्हा चौकीवर या. ताप चढलेला असेल त्या मिनिटाला दवाखान्यात या. अधूनमधून छातीत धडधडणाऱ्या माणसाचा कागद दवाखान्यात नेमका सरळ येतो, ही जुनी अडचण आहे. पण तिच्यावर डॉक्टरांनी काय केले? नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकन संशोधकाने हृदयाची नोंद करणारे यंत्र रोग्याच्या अंगावरच बांधून त्याला घरी पाठवण्याची युक्ती काढली. रोग्याने जेवावे, झोपावे, जिना चढावा, बायकोशी भांडावे. यंत्र चोवीस तास टिपत राहील. आज आमच्याकडेही सर्रास 'होल्टर लावा' म्हणतात. ह्या युक्तीतला मुद्दा यंत्राचा नाही. दोष तुमच्या दुकानात येत नसेल तर तुम्ही दोषाच्या घरी जा, हा तो मुद्दा.

आणि यंत्रांच्या जगात ही गोष्ट नवी नाही. रेल्वेचे लोक गाडी उभी असताना लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकामागून चाकावर ठोका मारीत जात; तडा गेलेले चाक बद्द वाजते. आमच्या बाजारात बाई मडके विकत घेताना बोटाची टिचकी मारते, तीही तीच विद्या. 1816 साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टराने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि तिच्यातून पुढे स्टेथोस्कोप निघाला. आमचे जुने मिस्त्री लांब पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावीत. ती लेनेकची सुरळीच. मद्रासची बुलेट, मैसूरची जावा, फरिदाबादची राजदूत ह्या गाड्या गावात होत्या तेव्हा पुलावरून येणारी गाडी कोणाची आणि तिला काय झाले आहे हे पारावर बसलेली माणसे न बघता सांगत, असे आमचे वडीलधारे सांगतात. त्यातले निम्मे फुगवून सांगितलेले असेल. उरलेले निम्मे तरी आज कोठे आहे?

कोणी म्हणेल, मास्तर, जमाना बदलला. खरे आहे. 2020 च्या एप्रिलपासून बी.एस. 6 च्या गाड्या आल्या. इंजिनात इंधन किती सोडायचे ते संगणक ठरवतो, सेन्सर बिघडला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मेकॅनिक तार जोडून दोषाचा आकडा वाचतो. फार चांगली सोय आहे. मधूनच येणारा विजेचा बिघाड त्यात लिहिलेला सापडतो. पण चाकातल्या बेअरिंगला तार नसते. चैनीला नसते, ब्रेकच्या लायनरला नसते. ह्या गोष्टी आजही फक्त वाजून बोलतात, आणि ऐकणाराच नसेल तर तुटून बोलतात.

तिसऱ्या गॅरेजातून घरी आलो आणि रागाच्या भरात चित्रकलेची एक कोरी वही घेतली. तिच्यात उभ्या रेघा मारून रकाने पाडले. गाडी गार की गरम. एकटा की डबलसीट. वेग. गिअर. क्लच दाबल्यावर आवाज थांबला की नाही. ब्रेक दाबल्यावर काय झाले. रस्ता सरळ, उजवे वळण, डावे वळण. मी चालवणार म्हणून नोंद मुलीने घ्यावयाची ठरले. पहिल्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "मी आधीच सांगितलं होतं," आणि पेन्सिल कानाला लावून बसली.

आता थोडे गणित, कारण ह्या गणितापुढे चार हजार रुपये फिके आहेत. माझ्या गाडीचे चाक एका फेऱ्यात साधारण एक मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटर जाते. तासाला चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. म्हणजे चाक सेकंदाला सहा वेळा फिरते. त्याच वेळी इंजिनाचा दांडा सेकंदाला पन्नास-साठ फेरे घेत असतो, आणि टॅपेट त्याच्या निम्म्याने वाजते, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक झडप दोन फेऱ्यांत एकदाच उघडते. म्हणजे टॅपेटचे वाजणे शिवणयंत्रासारखे सलग ऐकू येईल. वेगळे वेगळे 'टक् टक्' म्हणून मोजताच येणार नाही. मागल्या स्प्रॉकेटला चाळीसच्या वर दात आणि चैनीला शंभराच्या आसपास कड्या, म्हणजे चाकाच्या अडीच फेऱ्यांत चैनीचा एक फेरा. चैनीची एखादी कडी आखडली असेल तर आवाज सेकंदाला दोन-अडीच वेळा येईल. आणि चाकातच काही असेल तर चाकाच्या चालीने, गाडी हळू केली की हळू, जोरात केली की जोरात. हे समजण्यास इंजिनिअर व्हावे लागत नाही. तबल्याच्या दोन बैठका ऐकलेल्या माणसालाही लय मोजता येते.

त्याहून सोपी परीक्षा म्हणजे क्लच. आवाज चालू असताना क्लच दाबला आणि मूठ सोडली की इंजिन एकदम मंद होते, पण गाडी वेगातच असते. आवाज इंजिनाबरोबर खाली बसला तर रोग इंजिनात. आवाज तसाच चालू राहिला तर इंजिन निर्दोष, रोग चाकाकडे, चैनीकडे, ब्रेककडे. ही परीक्षा फुकट आहे. तिला दहा सेकंद लागतात. तीन गॅरेजांपैकी एकाही ठिकाणी ती कोणी केली नाही. आणि टायमिंग चैन मात्र बदलली!

दोन आठवडे वही भरली. एकटा असताना आवाज एकदाही नाही. डबलसीट असताना बहुतेक दर फेरीला. क्लच दाबून पाहिले, पुलाच्या उतारावर, रस्ता मोकळा असताना: आवाज चालूच. डाव्या वळणावर जास्त. मागला ब्रेक किंचित दाबला की 'खर्र' बदले, 'टक्' तसेच राही. शेवटच्या पानावर मुलीने माझ्या गाडीचे चित्र काढून मागल्या चाकाच्या मध्यावर बाण दाखवला होता आणि लिहिले होते: 'इथून'. चित्र चांगले होते. चैन बरोबर मागल्या चाकालाच जोडलेली होती.

ती वही घेऊन मी एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. ओझरच्या विमान कारखान्यात ते आयुष्यभर काम करून निवृत्त झालेले. आता घराच्या पडवीत, आवड म्हणून, ओळखीच्यांच्या गाड्या बघतात. त्यांनी गाडी सुरूच केली नाही. आधी वही वाचली. पूर्ण. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "मास्तर, चला, मला मागं बसवा." सत्तरीचा मनुष्य मागे बसून, डोके एका बाजूला कलते करून, पुलापर्यंत आला. परत येताना डाव्या वळणावर गाडी वाजली तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जणू गाण्यात समेवर आलो होतो.

डबल स्टँडवर लावून त्यांनी मागले चाक वरून-खालून दोन्ही हातांनी धरले आणि आडवे हलवले. चाक हलले. केसभर, पण हलले. मग चाक उतरवून बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवले आणि मला म्हणाले, "तुम्ही फिरवा." मी फिरवले. बोटाला वाळू लागावी तसे लागले. बेअरिंग ठोकून काढले तेव्हा आत वंगण नव्हतेच. तांबूस चिखलाचा थर होता. गंगेचा गाळ, ऑगस्टपासून तेथे बसलेला. गोळ्यांना खड्डे पडले होते आणि गोळ्या अंतरा-अंतरावर धरून ठेवणारी पत्र्याची जाळी एका जागी तुटली होती.

मग त्यांनी मला समजावून दिले, आणि मी वहीत लिहून घेतले. पुराच्या पाण्याने वंगण नासले. सरकारी नोकराला खुर्ची असते तशी बेअरिंगला वंगणाची बैठक असते. ती गेली की धातू धातूला घासू लागतो. एकटा असताना भार कमी, म्हणून चाक कसेबसे सरळ राही. मागे माणूस बसला आणि वळणावर कूस बदलली की चाक केसभर तिरपे होई, मग ड्रम ब्रेकच्या लायनरला घसटे: तो 'खर्र'. तुटलेल्या जाळीत गोळ्या एकमेकींवर आदळत: ते 'टक्'. फवाऱ्याने उरलेसुरले वंगणही धुऊन काढले. आणि चैन? येथे म्हातारा प्रथमच रागावला. चैनीला मधोमध दोन-तीन सेंटिमीटर ढील हवी; कारण माणूस बसला की मागचा भाग दबतो, आणि इंजिनाचे स्प्रॉकेट, मागल्या फाट्याची खुंटी आणि चाकाचा आस एका रेषेत आले की चैन सर्वांत जास्त ताणते. मोकळ्या गाडीवर तार केली तर भार पडल्यावर ती सगळा ताण कोणावर काढणार? बेअरिंगवर. म्हणजे मी पैसे देऊन जो उपचार करून घेतला, त्यानेच रोग पोसला होता.

आणि माझ्या रागाचा कळस पुढेच आहे. चैन सेट बदलताना मागले चाक काढावेच लागते. ते चाक त्यांच्या हातात होते! बेअरिंगमध्ये एक बोट घालून एकदा फिरवण्याचा अवकाश होता. चार सेकंद. ते बोट घातले गेले नाही, कारण त्या मुलाला चैन सेट बदलावयास सांगितले होते, आवाज शोधावयास कोणी सांगितलेच नव्हते.

रॉबर्ट पर्सिग नावाच्या अमेरिकन लेखकाचे मोटारसायकलवरचे एक पुस्तक 1974 साली निघाले आणि जगभर गाजले. त्यातही अशीच तक्रार आहे: रेडिओ लावून गप्पा मारीत काम करणाऱ्या मेकॅनिकांनी त्याच्या इंजिनाची वाट लावली, आणि शेवटी दोष निघाला तेल पुरवणाऱ्या भागातल्या पंचवीस सेंटच्या एका पिनेत. मला हे एका मित्राने सांगितले तेव्हा, खोटे कशाला बोलू, थोडे बरे वाटले. अमेरिकाही आमच्याच वाटेने आहे.

येथवर वाचून पुष्कळ गृहस्थ मान डोलावीत असतील. 'बरोबर आहे, हे मेकॅनिक लोक लुटारूच.' थांबा. आता मला तुमच्याशी भांडावयाचे आहे.

त्या पडवीतल्या गृहस्थांनी दोन नवी बेअरिंगे घातली, चैनीला ढील दिली आणि बेअरिंगचेच पैसे मागितले. मी म्हणालो, "तुमचे?" ते म्हणाले, "मी काय केलं? ऐकलं." मी बळेच शंभराची नोट ठेवली आणि मला उदार झाल्यासारखे वाटले. शंभर रुपये! काचेच्या केबिनमध्ये न ऐकण्याचे चार हजार मुकाट्याने दिले आणि येथे ऐकण्याचे शंभर देताना मला दाता झाल्यासारखे वाटले. आपण वस्तूला पैसे देतो. खोक्यातून निघालेली, तेलाचा वास येणारी, बिलावर नाव लिहिता येणारी वस्तू बसवली की आपले समाधान होते. एखाद्या मेकॅनिकने अर्धा तास गाडी फिरवून, "साहेब, काही बदलायची गरज नाही, चैन-कव्हरचा एक नट ढिला होता, दीडशे रुपये द्या," म्हटले तर आपण काय म्हणतो? "नट आवळायचे दीडशे?" आपणच त्याला शिकवले आहे की शोधण्याची मजुरी शून्य आणि बदलण्याची मजुरी रोख. मग तो पोटासाठी बदलतो. त्याच्याकडे दिवसाला पंधरा गाड्या, हाताखाली दोन मुले, आणि प्रत्येक गिऱ्हाईक दर दहा मिनिटांनी 'झाली का?' विचारणारे. कान कधी लावणार तो?

आणि आपण सांगतो तरी काय? "गाडी वाजते." बस. कोठून, केव्हा, कोणत्या गिअरात, एकटे की दुकटे, काही नाही. डॉक्टरकडे जाऊन 'मला होतंय' एवढेच सांगणारा रोगी आणि हे गिऱ्हाईक ह्यांत फरक कोणता? माझ्या तिन्ही गॅरेजवाल्यांना मीही तेवढेच सांगितले होते. मूठ पिळून पाहू नका, मागे कोणाला तरी बसवून पाहा, हे मला सांगता आले असते, पण मला स्वतःला ते ठाऊक नव्हते.

ठाऊक नव्हते? हे वाक्य खोडावे लागेल. मला ते सांगण्यात आले होते. तिसऱ्याच दिवशी, माझ्या पाठीमागून, स्पष्ट शब्दांत. 'बाबा, आवाज माझ्या खालून येतोय.' जागा, वेळ, भार: सगळे निदान त्या पाच शब्दांत होते. आवाज ती बसल्यावरच येतो आणि ती बसते तेथूनच येतो. पडवीतल्या गृहस्थांनी पुढे जे शोधले ते ह्याहून वेगळे काय होते? पण ती सोळा वर्षांची होती, मुलगी होती आणि मागे बसलेली होती. आणि गाडी माझी होती. मी तिला म्हणालो, हलू नकोस. गॅरेजवाल्यांनी निदान मला 'सर' तरी म्हटले.

तुटलेल्या जाळीचे ते बेअरिंग जाम झाले असते तर मागले चाक एकाएकी आवळले असते. पुलावर, संध्याकाळी, मागून कांद्याचे ट्रॅक्टर येत असताना. मागे ती होती. ह्याच्यापुढे मी कधी विचार केलेला नाही आणि ह्या लेखातही करणार नाही. पण ज्या ज्या घरात 'ऐकू येत नाही तुला काही, गप्प बस' असे रोज म्हटले जाते, त्या घरातल्या कर्त्या पुरुषांनी फराळाचे ताट बाजूला सारून एकदा आपल्या मागे कोण बसते ह्याचा विचार करावा. गॅरेजच्या नावाने खडे फोडणे सोपे आहे. मीही ह्या लेखाच्या निम्म्यापर्यंत तेच केले.

ते जुने बेअरिंग माझ्या टेबलावर आहे; कागद उडू नयेत म्हणून ठेवतो. मुलांना वर्तुळे काढावयास देतो तेव्हा तेच नेतो, आणि एकेकाला बोट घालून फिरवावयास लावतो. गाडी अजून तीच. मुलगी आता ती स्वतः चालवते. दिवाळीला घरी आली आहे. परवा चांदोरीहून करंजीचे सारण घेऊन आली आणि पिशवी ठेवण्याआधी तिने खिळ्याला टांगलेली ती वही काढली. आत्ता पाहिले, नवी नोंद आहे: 'पुढून. गार असताना. ब्रेक सोडल्यावर, दाबल्यावर नाही. बारीक शिट्टीसारखा. दोन वेळा.'

मला तो आवाज आलेला नाही. लेख पाकिटात घातला की पुढले चाक काढणार आहे.